टॉवेलाखालचा सौदा

तोंडाने केलेला घोळ माणूस तोंडानेच निस्तरतो. मी तो बोटांनी करून ठेवला, आता बोला!

ओतूरच्या पेठेत माझं मोटारी भरायचं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान आहे. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, जळालेल्या. गाळा कांतीशेठचा, मी भाडेकरू. शेजारीच त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ गावरान बोलायला लागले की आमच्या घाटघरच्या मामावर ताण.

माणूस सोन्यासारखा, पण एक कोडं होतं. महिन्यातून एकदा शेठ काळा कोट चढवून, चपटी बॅग घेऊन पुण्याला जायचे. कुठं? तर "मीटिंग हाय." कसली, ते शेठाणीलाही माहीत नव्हतं. आणि ओतुरात जे शेठाणीला माहीत नाही, ते कुणालाच माहीत नसतं.

एका दुपारी समोर पांढरी गाडी थांबली. सुटाबुटातले एक साहेब उतरले. माझ्या गाळ्यापुढची जागा त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली, "पुरेल" म्हणाले आणि शेठशी हात मिळवला.

हात काय, कुणीही मिळवतं. पण शेठचा अंगठा साहेबांच्या बोटाच्या पेरावर गेला आणि तिथं दाबून राहिला. साहेबांनीही तसाच दाबला. दोघं गालात हसले. तोंडातून एक शब्द नाही.

माझ्या हातातला पाना गळून पडला. का म्हणून काय विचारता? माझा बाप बैलबाजारातला दलाल. तिथं बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि खालून बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि हे दोघं तर उपरणंही न टाकता, भर पेठेत, माझ्या डोळ्यांदेखत माझा गाळा विकत होते!

बापाने स्वतःचे बैल विकून लावून दिलेलं दुकान होतं ते.

मी उठलो, खांद्यावरचा टॉवेल शेठच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची पाचही बोटं आवळली. म्हणजे पाच लाख, गाळा मीच घेतो!

"शंकर, आरं काय चाललंय तुझं?"

मला वाटलं, भाव कमी पडला. पुन्हा पाचही आवळली. शेठनी हात सोडवून घेतला. मग मी साहेबांकडे मोर्चा वळवला. शेठनी दाबलं होतं त्याच पेरावर दाबलं, फक्त मोटारी उचलणाऱ्या हाताने.

साहेबांचे डोळे मोठे झाले. "अरे वा, तुम्हीसुद्धा आमच्यातले?"

"मंग काय. तुमच्या आदीपासनं."

"म्हणजे कधीपासून?"

"बापाकडनं आलंय. आमच्या बापाच्या बोटांना आख्खा तालुका मानायचा."

"वडीलही होते?" साहेबांनी मला मिठीच मारली. कोटाला ग्रीस लागलं तरी सोडेनात. "कांतीभाई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

शेठनी बखोट धरून मला कापडाच्या गठ्ठ्यांमागे नेलं.

"येड्या, ते आमच्या मंडळाचं हाईत. लई जुनं बंधुमंडळ हाय, पुण्याला बैठक असती. एकमेकाची वळख पटवायची खूण हाय ती. आतलं भायेर बोलायचं नसतं."

"आन गाळा?"

"कसला गाळा?"

"त्यांनी जागा बघितली की. पुरंल म्हनले."

"गाडी लावायला बघत व्हते ते."

मी गठ्ठ्यावरच बसलो. हसावं की रडावं कळेना. खरं सांगतो, इतकं हलकं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

"माझं एवढं पोटात ठेव," शेठ म्हणाले.

"आईशप्पथ, शेठ."

शेठ निघाले आणि दोन पावलांवर थांबले.

"शंकर, माझा बाप बैलबाजारात झुली विकायचा. बोटं मलाबी कळत्यात. टॉवेलाखाली तू पाच दाबली, दोनदा. आन भाडं वाढवायचं म्हनलं की पावसाळ्यात मोटारी जळत न्हाईत म्हणून डोळ्याला पाणी आणतो व्हय?"

तर शेठच्या मंडळाचं गुपित, तुम्हाला सोडून, मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझं मात्र पुढच्याच महिन्याच्या भाडेपावतीवर ढळढळीत लिहून आलं.