तिरका देव्हारा

बाळांनो, देवाला नमस्कार करणारी, देवाकडे मागणारी, देवावर रुसून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण देवाला रीतसर नोकरीवर ठेवून त्याच्याकडून रोजचं काम करून घेणारं माणूस मला जन्मात एकच भेटलं, आणि ते म्हणजे आमची मोठीमाय. तुमच्या आजोबांच्या थोरल्या चुलत्यांची ही बायको. मी लग्न होऊन गोंदियाजवळच्या कामठ्याला आले तेव्हा ती विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची, आवाज मात्र असा की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर चौथ्या बांधीतला माणूस धानाची रोपं टाकून उभा राही. मी नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, म्हणून तिनं मला पहिल्या दिवसापासून 'इंग्रजीवाले' अशीच हाक मारली, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिला एकच मुलगा. मी येण्याच्या आदल्याच वर्षी त्यानं एका धान-व्यापाऱ्याबरोबर रंगूनला जायचं काढलं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी मोठीमाय संतापून म्हणाली, "जा मंग! तोंड नोको दाखवू मले!" मुलगा आईचं सगळं ऐकणारा होता, तो गेला. तिकडे एका तांदळाच्या गिरणीत कारकून झाला. दर दोन महिन्यांनी त्याचं पत्र येई, आणि त्यात परत येण्याबद्दल अक्षरही नसे. तेव्हापासून मोठीमायनं 'जा' हा शब्द टाकला तो कायमचा. अंगणात वाळत घातलेल्या धानावर कोंबड्या आल्या तर काठी उगारून ओरडायची, "या वो, या! तिकडं या!" कोंबड्या बिचाऱ्या गोंधळून तिच्याच पायांत घोटाळत. मांजरालाही "ये", दारावरच्या बोहारणीलाही "ये". नव्या माणसाला वाटायचं, काय ही अगत्यशील बाई!

तोंडातून निघालेला एक शब्द परत घेण्यासाठी तिनं स्वतःचा वेगळा देव्हारा मांडला होता. घरात मोठं देवघर होतं, पूजा माझे सासरे करत. त्यांना हे आवडलं नाही. "वैनी, एका घरी दोन देवघरं कायले?" त्यांनी विचारलं. मोठीमाय म्हणाली, "तुमच्या देवायले तुमचीच कामं उरकत नाईत, भाऊजी. माह्या कामाले माहे देव." धान साठवायच्या ढोलीमागे तिनं एक लाकडी खोका उलटा टाकला, त्याला लाल मातीनं सारवलं, वर चुन्याची रेघ ओढली. मधोमध मारुती, कारण समुद्र ओलांडायचा अनुभव सगळ्या देवांत त्यालाच. उजवीकडे मुलाच्या वाट्याच्या बांधीतलं मातीचं ढेकूळ, रोज सकाळी ओलं केलेलं. ढेकूळ भिजलं की रंगूनला त्याचे तळपाय शिवशिवतात, असा तिचा सिद्धान्त. डावीकडे एक काळा दोरा, त्याला प्रत्येक पत्राची एक गाठ. आणि खालच्या पायरीवर मुलाच्या जुन्या चपला! सासरे कळवळून म्हणाले, "वैनी, देवापुढं चपला?" तर म्हणे, "पाय तर त्याचेच आनाचे हायेत ना घरी?" या सगळ्यापुढे मिठाच्या पाण्यानं भरलेली पितळी परात असे. रोज आंघोळ झाली की ती मारुतीला उचलून परातीच्या या काठावरून त्या काठाला नेई आणि परत आणी. विचारलं तर म्हणायची, "रामाच्या वेळची गोष्ट हाय वो. मधी किती वर्सं गेली! सवय तुटली असन त्याची."

एके दिवशी ती माझ्याकडे आली. "इंग्रजीवाले, तुह्या पुस्तकात रंगून कुठी हाय?" मी माझ्या ट्रंकेतलं नकाशांचं पुस्तक काढलं. त्यात कामठा नव्हतं, गोंदियाही नव्हतं. मीच शाईचा ठिपका दिला. माझे वडील मोजणी खात्यात होते, त्यांनी दिलेलं होकायंत्र होतं. मोठ्या ऐटीत हिशेब करून मी सांगितलं, रंगून पूर्वेपासून दक्षिणेकडे सोळा अंश. "अंश मले नोको सांगू. बोटं सांग," ती म्हणाली. मग खोक्याचं एक टोक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि मारुतीचं तोंड नेमकं रंगूनकडे झालं.

आता तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. माझ्या घरात चमचेसुद्धा काटकोनात झोपतात. तो तिरका देव्हारा आठ महिने माझ्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. दिवाळीआधी मोठीमाय भावाला बरं नाही म्हणून दरेकशाला गेली असताना मी ती खोली चुन्यानं रंगवून घेतली आणि देव्हारा परत ठेवताना भिंतीला अगदी सरळ लावला. पुढे हे उघडकीस आलं तेव्हा चुकून झालं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

मोठीमायची नजर अधू झालेली, परत आल्यावर तिच्या काही लक्षात आलं नाही. पण पत्राची वेळ टळली. महिना गेला, दुसरा गेला. तिनं मीठ बदललं, ढेकूळ बदललं, दोऱ्याच्या गाठी पुन्हा पुन्हा मोजल्या. शेवटी एका सकाळी भिंत आणि खोका यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली, तर दोन्ही टोकांना फट सारखीच.

"काऊन वो, देव कोनं सरकवले?"

मी सरकवले, असं मी कबूल केलं. तिनं नकाशा काढायला लावला. "आता थो कुठी जाऊन राहिला, सांग." मी पट्टी ठेवली. सरळ पूर्वेला मंडाले आलं.

"दोन महिने माहा मारुती मंडाल्यात हिंडून राहिला?" नकाशाला नाक लावून तिनं विचारलं. "तठी त्याच्या वळखीचं कोन हाय?"

सगळं घर हसलं. मीही हसणार होते. तेवढ्यात ती दोऱ्याच्या गाठी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलेली दिसली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. अंशांचा हिशेब करणाऱ्या मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलाला काही झालं असेल तर ते खोका सरकवल्यानं झालेलं नाही, हे मी स्वतःला पन्नासदा समजावलं, आणि पन्नासदा ते पटलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नेहमीप्रमाणे मीच वाचलं. गिरणीनं त्याला धानखरेदीला वरच्या मुलखात धाडलं होतं. तिथं तापानं आजारी पडला, म्हणून लिहिणं झालं नाही. आता बरा आहे. गावाचं नाव आलं तशी मी थांबले.

"वाच ना. कुठी होता?"

"मंडाल्याला."

नापास होणार म्हणून ठरलेला मुलगा वर्गात पहिला यावा आणि मास्तरांनी त्याच्याकडे पाहावं, तशी मोठीमाय माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "मोठीमाय, हा योगायोग आहे."

"योगायोग म्हंजे का वो?"

मी पाव तास समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "थेच तर मी म्हनून राहिली."

गेल्यापासून सात वर्षांनी मुलगा आला, तीन आठवड्यांसाठी. आल्या दिवशीच तिनं देव्हारा फिरवून त्याचं तोंड सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, त्याच्या खाटेकडे केलं. परातीतलं पाणी फेकून दिलं, मारुतीला सुट्टी. ते तीन आठवडे ती कोंबड्यांवरसुद्धा ओरडली नाही. निघायच्या दिवशी गोंदियाच्या स्टेशनावर नेणारी बैलगाडी दारात उभी होती. मुलगा पाया पडला आणि तसाच वाकून राहिला. कोंबड्यांना, मांजराला, बोहारणीला सात वर्षं वाटलेला तो शब्द तिनं त्या दिवशी ज्याचा त्याला दिला. "ये," ती म्हणाली.

गाडी नाक्यापलीकडे दिसेनाशी झाली तशी आत वळून म्हणाली, "इंग्रजीवाले, बोटं किती होती?"

"चार," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी मिळून देव्हारा फिरवला. पुढे ती गेली त्या दिवशीही तो तसाच होता, रंगूनकडे तोंड करून.

नकाशांचं ते पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. त्यात तुमच्या नैरोबीवर आता शाईचा एक ठिपका आहे. माझ्या घरात सगळं काटकोनात असतं, हे तुमची आई तुम्हाला सांगत असेलच. देव्हारा तेवढा तिरका आहे. परातीऐवजी मी काचेची बशी ठेवते, कारण मिठानं पितळेला हिरवं चढतं. तुमच्या बाबांची मोंबासाला बदली होणार असं मागच्या पत्रात होतं. ती नक्की झाली की लगेच कळवा. मी पट्टी लावून पाहिली आहे, एकच बोट डावीकडे घ्यावं लागेल. पण माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि ते काम मला दुसऱ्या कोणाच्या हातून करून घ्यायचं नाही.