ताप उतरला, कामाला लाग

माझी थोरली बहीण निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला घरात सगळे आक्काच म्हणायचे. तोंडाला पदर बांधून दिवसभर धुरळ्यात बसायचं आणि तंबाखू चाळायची. मी तेव्हा बेळगावात डॉक्टरकी शिकत होते. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं.

सुट्टीला घरी आले, तर आक्का निम्मी झालेली. गालफडं बसलेली, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.

"दुपार कलली की अंग कसकसतंय गं," ती म्हणाली. "मुकादम गोळी देतोय. घाम फुटतो आन् ताप जातो."

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. पर उतरतोय की!"

त्याच महिन्यात आम्हांला ताप शिकवला होता. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एक रसायन सोडतात. इंटरल्युकिन हे त्याचं नाव तेव्हा इतकं नवं होतं, की आमच्या जुन्या पुस्तकात ते नव्हतंच. त्याचा सांगावा मेंदूपर्यंत पोचला की तिथं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, आणि शरीर आपणहून आपली उष्णता वाढवतं. मुकादम देत होता ती गोळी ॲस्पिरिनची, आणि ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनच होऊ देत नाही. पेशी सांगावे धाडतच राहतात, जंतू वाढतच राहतात; ताप तेवढा दिसेनासा होतो.

आक्काचं अंग महिनोन् महिने ओरडून सांगत होतं, आणि हा मुकादम रोज दुपारी त्याचं तोंड बंद करत होता.

दुसऱ्याच दिवशी तिला एस.टी.नं बेळगावला नेलं. एक्स-रे निघाला. क्षय. उजव्या फुफ्फुसाला वरच्या बाजूला पोकळी पडलेली.

"एवढा उशीर का केला?" डॉक्टर तिच्यावरच खेकसले.

"ताप उतरत हुता की, डॉक्टर," आक्का हळूच म्हणाली. जणू गुन्हा तिचाच.

तिला वॉर्डात ठेवून मी निपाणीला परतले, आणि आप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन थेट वखारीत गेले. मुकादम दारातच खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"आक्काला क्षय झालाय. रोज ताप येत होता, तर दवाखान्यात का न्हाय धाडलंत?"

"फुकट औषध दिलं, त्येचं ह्ये बक्षीस व्हय?" तो आप्पांकडं बघून हसला. "पोरगी अजून डॉक्टर झाली न्हाय, तवर आमाला शिकवाय लागली."

"औषध तिच्यासाठी न्हाय दिलंत. चाळणं थांबू नये म्हणून दिलंत!"

आप्पांनी माझा दंड धरला. तेवढ्यात आतून एक बाई उठून आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मलाबी सांजचा ताप येतोय गं. माझीबी छाती बघाय सांग." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. मुकादम ओरडला, "आज गेलीसा तर उद्या दाराशी यायचं न्हाय!" तिघीही आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यात आल्या. त्यांतल्या एकीला क्षय निघाला, पण बराच आधी सापडला म्हणून लवकर आटोक्यात आला. मुकादमानं तिघींनाही परत घेतलं नाही. वखारीच्या मालकाला भेटायला गेलो, तर त्यानं आम्हांला आतही बोलावलं नाही.

आक्का इंजेक्शनं आणि गोळ्यांवर वर्षाहून जास्त काळ काढून बरी झाली. पुढं तिनं घरीच शिवणाची मशीन घातली. आजही चढ लागला की मध्येच थांबते, कमरेवर हात ठेवून श्वास घेते.

ॲस्पिरिनवर माझा राग नाही. ताप सोसत नसेल तर तो उतरवायलाच हवा. डॉक्टर म्हणून मीही आयुष्यभर उतरवत आले. पण ताप कशानं आला, हे बघण्याचं टाळायला त्या माणसानं ती गोळी वापरली, आणि त्याचा जाब त्याला कधी द्यावा लागला नाही. लोक म्हणतात, सोडून दे, जुनी गोष्ट झाली. आक्का चढावर थांबते तेव्हा मी तिच्या शेजारी उभी असते. मी का सोडू?