लाल गोल बघून बाबा काय म्हणाले

मंडळी, दुपारपासून हे कोणाला तरी सांगायचंय.

पॅरालिसिसचा झटका आल्यापासून आमच्या बाबांना शब्द सापडत नाहीत. आज त्यांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम लालबागला आमच्या घरी आल्या होत्या. त्यांनी एक कार्ड समोर धरलं. पांढऱ्या कागदावर लाल गोल.

"काका, हे काय?"

बाबा कार्डाकडे नुसते बघत राहिले. मला राहवेना. "बाबा, गोल म्हणा ना! नाहीतर सर्कल म्हणा!"

मॅडम म्हणाल्या, "वर्तुळ, चकती, टिकली, काहीही चालेल."

बाबांच्या कपाळावर घाम आला. मग एकदम स्पष्ट म्हणाले, "राणी."

मॅडमनी कार्ड हळूच खाली ठेवलं. माझाही चेहरा पडला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगो, चुकूक नाय ते! कॅरमची राणी ती!"

खरंच की! चाळीच्या गॅलरीत बाबांनी उभं आयुष्य त्या लाल सोंगटीवर नेम धरलाय. आणि मी बसलेय सर्कल, सर्कल करत.

मॅडम दुसरं कार्ड काढणार, इतक्यात बाबांनी चांगल्या हाताने हवेत टिचकी मारली. म्हणाले, "कव्हर."

राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत बोर्डावर जाते. तेच कव्हर. नियमसुद्धा लक्षात आहे हो त्यांच्या!

माळ्यावरून कॅरम काढलाय. बाबा, आई आणि मी आहोत. लालबाग-परळमध्ये आज संध्याकाळी कोण मोकळं आहे? चौथा भिडू पाहिजे.