मास्तरांच्या शर्टाची काजं

शिंपीमास्तरांचा संशय एकदा बसला की दुहेरी टीप घातल्यासारखा पक्का. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली, तेव्हा कुणाच्या पोटात काय आहे ते पट्टी न लावताही कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सांभाळायला मुलानं ठेवलेल्या बाईंचं माप त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन टाकलं होतं. चोर!

पुरावा? बाई फार गोड बोलायच्या.

"आजोबा, आपण गोळी घेतली का?"

"मी घेतली. तुमची तुम्ही बघा."

त्यात मुलानं डोक्यातून घालायचे चार टी-शर्ट आणले. मास्तरांचे हात थरथरायचे, शर्टाची सात बटणं लावता लावता अर्धा तास जायचा. "बाबा, कशाला जिवाला ताप? हे टी-शर्ट बाई दोन मिनिटांत घालून देतील," मुलगा म्हणाला.

मास्तर कडाडले, "ज्या दिवशी माझं बटण मला लावता येणार नाही, त्या दिवशी टी-शर्ट काय, पोतं घाल. तोवर माझ्या छातीशी कुणी यायचं नाही."

"बरं, महिनाभर बघू," मुलगा म्हणाला. म्हणजे टी-शर्ट घडी घालून तयारच.

आणि काय नवल! दुसऱ्याच आठवड्यापासून बटणं पटापट लागू लागली. मास्तर दारात उभं राहून जिना चढणाऱ्या प्रत्येकाला गाठायचे. "हात सुधारला, बघा!" दूधवाल्यापुढे तर वरचं बटण तीनदा काढून तीनदा लावलं. बिचारा पिशवी धरून उभा.

पण दुपारची डुलकी काढून उठावं तर कपाटात सातातले सहाच शर्ट. संध्याकाळी पुन्हा सात. दुसऱ्या दिवशी भलताच गायब. छोटी कात्रीही जागेवर नसायची. मास्तरांनी ताडलं, की बाई आपले शर्ट नवऱ्याला घालून मिरवतात आणि गुपचूप परत आणून ठेवतात. त्यांनी कपाटाच्या कडीला पांढरा दोरा बांधला, कॉलरच्या आत खडूच्या खुणा केल्या. दोरा तुटला. खुणा पुसल्या. आता आणखी काय हवं?

रविवारी मुलगा आला. "चहा सावकाश पी," मास्तर त्याच्या कानाशी लागले. "आज चोर मुद्देमालासकट देतो." आणि आडवे होऊन असं घोरायला लागले, की खरं झोपलेला माणूसही लाजावा.

कपाट करकरलं. थोड्या वेळानं मास्तर, स्वतःच चोरपावलांनी, स्वयंपाकघराच्या दारात. मागे कप घेऊन मुलगा. आत खिडकीशी बाई, मांडीवर निळा शर्ट, हातात छोटी कात्री.

"सापडलात!"

बाईंनी घाईनं शर्ट पदराखाली सारला. मास्तरांनी तो ओढून उजेडात धरला.

वरची चार काजं तांदळाच्या दाण्याएवढी वाढवलेली. कापलेल्या टोकांना वेडेवाकडे टाके. त्यांनी अंगावरच्या शर्टाचं काज चाचपलं. तेही तसलंच. बटण त्यातून आपसूक आत जात होतं.

म्हणजे हात होता तिथंच होता.

"काय चोरलं, बाबा?" मुलानं विचारलं.

मास्तरांनी बाईंकडे रोखून पाहिलं. ही आता बोलणार. एक शब्द, की टी-शर्ट गळ्यात. पण बाई मान खाली घालून बसल्या. चोर म्हणवून घ्यायला तयार, पण बोलायला नाही.

"चोरतंय कोण?" मास्तर मुलावरच खेकसले. "काजं शिकवतोय यांना. सांगून सांगून घसा बसला, पण हा टाका बघ! शिंप्याच्या घरात असलं काज कुणी पाहिलं तर तोंडात शेण घालतील माझ्या. उसवा ते!"

"उसवते, मास्तर," बाई म्हणाल्या. आजोबा नाही, मास्तर.

मुलगा डोकं खाजवत कप घेऊन बाहेर गेला. मास्तरांनी खुर्ची ओढली. "टाका जवळ घ्या. आणखी जवळ. दोरा ओढू नका, बसवा." मग दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "राहिलेल्या तिन्ही शर्टांची तेवढीच वाढवा. दाण्याएवढी. आणि कात्री संध्याकाळी माझ्या हातात हवी. माझा अजून तुमच्यावर विश्वास बसलेला नाही."