चाळीस फुटांवर दोनच ओळी

आपण केलेला फ्लेक्स लागलेला कसा दिसतो, हे बघायला मी आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर पडलो. नांदेडच्या दुकानात फाइल करायची, पाठवायची, विषय संपला. डिझाइन मला कुणी शिकवलं नाही. एकवीस वर्षं कॉम्प्युटरपुढं बसून मीच शिकलो. शेजारच्या स्टुलावर कायम गिऱ्हाईक, स्क्रीनला बोट लावून बसलेलं: "इथं मोकळं राहिलंय, फोटो टाका."

लातूरच्या एका क्लासच्या सरांना मात्र मी फोनवर पटवलं. चाळीस फुटी बोर्ड, दोन ओळी, अर्धी जागा मोकळी. त्यांची अट एकच: चार वाजता ते स्कूटरवरून जाणार. जाता जाता वाचता आलं, तर वर्षभराचं काम माझं. नाही तर पुन्हा नेहमीसारखे पास झालेल्या पोरांचे शंभर चेहरे.

अकराची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर; साडेतीन तास, तिकीट सव्वादोनशेच्या आसपास. उजवी खिडकी धरा, डावीकडं ऊन येतं. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि समोरच्या वाढदिवसाच्या बोर्डावरचे चेहरे मोजले. सव्वीस. एकही ओळखू येईना.

लातुरात ट्यूशन एरियाच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरलो आणि वर बघितलं. माझ्या मोकळ्या जागेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर! बोर्ड लावणारे महेबूबभाई खालीच चहा पीत होते.

"जागा खाली दिसली साहेब. वाटलं, तुमच्याकडून काहीतरी टाकायचं राहिलं."

बिचारे लगेच वर चढले, मी खाली दोरी धरली. साडेतीनला बॅनर उतरला. साठ पावलं मागं जाऊन बघितलं. अक्षरं अशी ठसठशीत, की मीच दोनदा वाचली.

बरोबर चारला सर आले, मागच्या सीटवर त्यांची आई. स्कूटर न थांबता पुढं गेली. मग वळून परत आली.

"आई, काय लिहिलं होतं गं?"

"अकरावीचे वर्ग सुरू. आधी येऊन बसून बघा," म्हातारी म्हणाली. "एवढंच व्हतं. बाकीचं पुसलं का रे?"

सर हसले आणि दिवाळीच्या बोर्डाचं बोलायला लागले.

परत आल्यावर मी दुकानात एकच बदल केला. स्क्रीन दाराकडं वळवली आणि गिऱ्हाइकाचं स्टूल रस्त्यापलीकडं, चहाच्या गाड्यापाशी नेऊन ठेवलं. काय मोकळं राहिलंय, ते आता तिथून बघून सांगायचं.