कच्चं पाणी

काचेची नळी खिडकीपाशी उंच धरायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "बोल बाय, धरलंय की सोडलंय?" चेंबूरच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काकांची सकाळ अशी सुरू व्हायची. पदाने ते परिचर. नळ्या धुणं आणि जंतू मारायचा मोठा कुकर सांभाळणं हे त्यांचं काम. माझ्या संशोधनात नाक खुपसणं हा त्यांचा छंद.

प्रश्न तेलाचा असायचा. काही जीवाणू अशी प्रथिनं तयार करतात, की ती तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतात. साबणाचं काम, पण साबणाशिवाय. असे जीवाणू शोधणं हा माझ्या पीएचडीचा विषय होता. नळी हलवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती दुधाळ दिसली तर धरलं, तेल वर आलं तर सोडलं. तीन वर्षं माझं उत्तर एकच होतं, "सोडलं, काका."

काका माहुलचे कोळी. घराशेजारी रिफायनरी, त्यामुळे तेलावर जगणारे जंतू कुठे भेटतील हे त्यांना आमच्या पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक. ओहोटीला गुडघाभर उतरून ते श्रीखंडाच्या डब्यात माझ्यासाठी चिखल आणायचे. वर पट्टी: "जेट्टीच्या डावीकडे." डबा पळवल्याबद्दल काकू किती बोलल्या, हे अगदी अभिमानाने सांगायचे.

मी मात्र त्या चिखलाला भ्यायचे. जीवाणू वाढवून गाळलेलं पाणीसुद्धा मी काकांना कुकरमधून उकळून आणायला लावायचे आणि मगच तेलात घालायचे. तुम्ही हसाल, पण एवढं शिकून हे माझ्या डोक्यात आलं नाही, की प्रथिन उकळलं म्हणजे शिजलं, कामातून गेलं.

शेवटी माझे मार्गदर्शक सर आले. "दिवाळीपर्यंत वाट बघू म्हणालो होतो. आता विषय बदल," एवढंच म्हणाले. तीन वर्षं पाण्यात गेली. मी टेबलाशी मान खाली घालून उभी होते.

"सर, एक बोलायचं होतं," दारातून काका म्हणाले. हातात एक नळी. "गेल्या आठवड्यात कुकरचं रबर गेलं होतं. बायचं उरलेलं पाणी मी तसंच ओतलं, न उकळता. सिंकमध्ये तेलाच्या नळ्या भिजत होत्या. सगळं दूध झालं, सर. म्हणून थोडं यात भरून ठेवलं. आठ दिवस झाले, नाय सोडलं."

सरांचा चेहरा बदलला. जंतूंचं पाणी कच्चंच सिंकमध्ये ओतणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ते गप्प राहिले असते, तर कोणाला काही कळलं नसतं.

"उकडलेलं अंडं फेसता येतं का गं?" माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले. "तू रोज शिजवत होतीस. मला वाटायचं, शिकलेली माणसं, काहीतरी विचार असेल."

मी त्याच दुपारी कच्चं पाणी घेऊन प्रयोग केला. पुढच्या सकाळी नळी दुधाळ होती. माझा विषय वाचला. काकांना मेमो मिळाला, सगळ्या नोकरीतला पहिला. मला रडू आलं तर म्हणाले, "गप गं. मेमो काय, फाईलमध्ये पडून राहील. तुझं तेल धरलं ना? झकास."

माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव त्यांचं आहे. ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी ते पान मागून घेतलं आणि नळीसारखंच खिडकीपाशी उंच धरलं. निवृत्तीनंतरही अधूनमधून डोकावायचे, येताना सुकट आणायचे. मागच्या वर्षी ते गेले. मला पीएचडी दिली ती विद्यापीठाने, असं कागदावर आहे. खरं काय ते मला माहीत आहे.

काकांनी भरून ठेवलेली ती नळी मी अजून धुतलेली नाही. पट्टीवर त्यांच्या अक्षरात "कच्चं" लिहिलेलं आहे. आता प्रयोगशाळा उघडली की मीच ती खिडकीपाशी उंच धरते, एक डोळा मिटते. विचारणारं कोणी नसतं. तरी सांगते, "धरलंय, काका."