पसाऱ्याची स्पर्धा

मला ते स्पीकर पाहिजे होते. बाकी स्पर्धाबिर्धा सगळं निमित्त.

गारखेड्यात आमच्या घरी मी हळदीची गाणी रेकॉर्ड करून देते. नवरानवरीची नावं घालून मी गाते, मग कॉम्प्युटरवर ढोलकी, टाळ्या चढवते. ऐकायला एकच हेडफोन, आणि त्याचा डावा कान कधीचा मेलेला. म्हणजे एका हातानं टाळी वाजवायचा प्रकार. मागं एकदा बिडकीनच्या एका गिऱ्हाइकानं फोन केला, "ताई, त्या मागच्या बाई लई गोड गातात." मागं कुणी बाई नव्हतीच. मी मनात म्हटलं, ह्यानं हळदीत दुसरंच काहीतरी घेतलेलं दिसतंय.

तर, आमच्या शहरातल्या घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर पडेगावच्या एका भाईंनी स्पर्धा काढली. ते कव्वाल्या रेकॉर्ड करतात. गाणं चालू ठेवायचं, त्याच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या विंडो उघडायच्या आणि स्क्रीनशॉट टाकायचा. ज्याची स्क्रीन सगळ्यात गच्च, त्याला भाईंच्या जुन्या स्पीकरची जोडी. वाचलं आणि मी घरभर फेऱ्याच मारायला लागले. पसाऱ्यात माझा हात धरणारं अजून जन्माला यायचंय. शाळेपासून ह्याच गुणावर मी बोलणी खाल्लीत.

शेवटच्या दिवशी दुपारपासून मांडामांड केली. ढोलकीवर टाळ्या, टाळ्यांवर आवाज घुमवायची विंडो, मागं गाण्यांच्या फायलींचा हा ढीग. आईला फुशारकीनं सांगितलं, "संध्याकाळी सगळा ग्रुप माझी स्क्रीन बघणार आहे." आणि भाजीला गेले.

परत येऊन बघते तर स्क्रीन लख्ख. मधोमध एकच फोल्डर. नाव, 'माळा'.

आई कचेरीतून निवृत्त झालेली, कॉम्प्युटर तिला माझ्याइतकाच येतो. म्हणाली, "लोकं बघणार म्हणलीस ना? मग आवरून नको का ठेवायला?"

मी अशी खवळले की पिशवीतले टमाटे घरभर गेले. "अगं आई, पसाऱ्याचीच स्पर्धा होती. गेले माझे स्पीकर."

"मला काय सपान पडलंय व्हय? टाकलं काय नाय, माळ्यावर ठेवलंय. चल, खाली काढू." पदराला हात पुसून ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

मग काय विचारता. ती सांगत गेली, मी उघडत गेले. आवरलं तिनंच, त्यामुळं कुठं काय आहे ते तिला पाठ. मी विसरून गेलेली गाणी, मोडलेल्या लग्नांतलीसुद्धा, तिनं वर काढली. पसारा पहिल्यापेक्षा गच्च झाला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला, गाणं अडखळायला लागलं. "घे, आता घे," आईनं दंडाला चिमटाच काढला. मी बटण दाबलं, फोटो ग्रुपवर गेला आणि मशीन जागच्या जागी थिजलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

रात्री मतं आली. सगळ्यांच्याच स्क्रीन गच्च होत्या, पण माझ्या पसाऱ्यातून डोकावणारं 'माळा' फोल्डर कुणीतरी मोठं करून पाहिलं आणि पुढं अंगठ्यांची रांगच लागली. भाईंनी लिहिलं, "आपा, तुमच्या माळ्यासमोर आपण सगळे किरायेदार." दुसऱ्या दिवशी स्कूटरला बांधून स्पीकर त्यांनी स्वतः आणून दिले.

एक डावीकडं ठेवला, एक उजवीकडं. बिडकीनचंच गाणं लावलं. माझा आवाज, ढोलकी, टाळ्या. आणि डावीकडून, मागून, एक बारीक आवाज. माझ्या ओळीत ओळ मिसळून, माझ्यापेक्षा सुरात. दुसरं गाणं लावलं, त्यातही. तिसऱ्यातही. माझा रेकॉर्डर टेबलावर असतो, त्याच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार. दरवेळी "आई, आवाज करू नको" म्हणून मी तिला कुकर बंद करायला लावायचे. ती कुकर बंद करायची.

"काय गं, बिघडलं का काय?" आईनं विचारलं.

"नाही," म्हटलं आणि आवाज वाढवला. ती मागची बाई दारात लसूण सोलत बसली होती.